ओव्हन गॅसचा की विजेचा? आधी आच कुठून येते ते बघा

(ताज्या भागाचा लेखी मसुदा. बोललेलं जवळजवळ तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि पाच-पन्नास "म्हणजे" काढून टाकलेत.)

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, आजचा विषय जरा गरम आहे.

गेल्या काही दिवसांत तुमच्याकडून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला: "घरून केक आणि नानकटाईच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. ओटीजी घेऊ की गॅसचा ओव्हन?" दुसरा, अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मंडळींचा: "पुण्यात ओटीजीवर मस्त व्हायची तीच नानकटाई इथल्या गॅसच्या ओव्हनमध्ये खालून करपते आणि वरून पांढरी राहते. काय चुकतंय?" आणि तिसरा, माझा लाडका: "ओव्हनमध्ये वांगं भाजलं तर भरताला ती चव का येत नाही?"

वरवर बघता तीन वेगळे प्रश्न वाटतात. पण तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. आपण ओव्हनला विचारतो, "किती गरम आहेस?" आणि विचारायला हवं, "तुझी आच कुठून येते, आणि तुझी वाफ कुठे जाते?" आजचा भाग एवढ्याच दोन प्रश्नांवर.

१८० अंश म्हणजे नक्की काय?

कुठलीही रेसिपी उघडा. "ओव्हन १८० अंशांवर प्रीहीट करा, २५ मिनिटं बेक करा." आपण नॉब १८० वर फिरवतो आणि निश्चिंत होतो. पण १८० म्हणजे ओव्हनमधल्या एका जागेच्या हवेचं तापमान, जिथे त्याचा सेन्सर बसवलाय तिथलं. तुमच्या केकला उष्णता कशी मिळतेय, हे तो आकडा सांगतच नाही.

पदार्थाला उष्णता तीन वाटांनी मिळते. एक, स्पर्शातून: तापलेला ट्रे नानकटाईच्या बुडाला चिकटलेला असतो. दोन, गरम हवेतून. आणि तीन, किरणांतून: लाल झालेला रॉड, तापलेल्या भिंती, समोरची ज्वाळा. आता पोळी आठवा. पोळी आपण तव्यावर भाजतो, हा स्पर्श. फुलका मात्र तव्यावरून उचलून थेट आचेवर धरतो आणि तो टम्म फुगतो. कणीक तीच, गॅस तोच, पण वाट बदलली आणि पदार्थाचं नावसुद्धा बदललं!

ही गोष्ट आपल्याकडे जुन्या लोकांना पक्की माहीत होती. घरात ओव्हन नसताना केक कसा व्हायचा? जाड पातेल्यात वाळू, खाली मंद आच, आणि झाकणावर निखारे. झाकणावर निखारे कशाला? कारण खालून कितीही तापवलं तरी वरची बाजू लाल होत नाही. वरच्या बाजूला स्वतःची आच लागते.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे गोव्याची बेबिंका. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, मैदा, साखर, तूप. एक थर ओतायचा, तो वरच्या आचेवर लालसर होऊ द्यायचा, मग त्यावर पुढचा थर. पारंपरिक पद्धतीत ही आच वरून निखाऱ्यांची असते. सात थर करा नाहीतर सोळा करा, प्रत्येक थराला वरूनच भाजायचं. इंग्रजीत ज्याला ब्रॉइलिंग म्हणतात ते हेच. आता ब्रॉयलर म्हटलं की आपल्याकडे लोकांना कोंबडी आठवते, पण इथे कोंबडीचा संबंध नाही. ब्रॉइलर म्हणजे ओव्हनच्या छतातून येणारी थेट आच. ब्रिटनमध्ये त्याच गोष्टीला ग्रिल म्हणतात. तुमच्या ओटीजीच्या नॉबवर "फक्त वरचा रॉड" अशी जी खूण असते, तो तुमचा ब्रॉइलर.

विजेचा डबा आतून

ओटीजी उघडून बघा. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, बाजूला थर्मोस्टॅट. बस्स. यापेक्षा सोपं यंत्र घरात मिक्सरसुद्धा नसेल.

नॉब १८० वर केला की रॉड पूर्ण ताकदीने तापतात. सेन्सरला १८० लागले की बंद. तापमान घसरलं की पुन्हा चालू. म्हणजे ओव्हन "१८० वर" कधीच नसतो, तो १८० च्या वर-खाली झोके घेत असतो. साध्या ओटीजीत हा झोका १५-२० अंशांचा सहज असतो. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो: हा एकदम बाळबोध if-else आहे, त्यात काही हुशारी नाही.

पण विजेच्या ओव्हनची मोठी ताकद अशी की वरची आणि खालची आच वेगवेगळी चालवता येते. केकला दोन्ही. पिझ्झाचं बूड कुरकुरीत हवंय, खालचा. बेबिंकाचा थर, वरचा. दुसरं म्हणजे आत काही जळत नाही, त्यामुळे हवा आत-बाहेर फार खेळवावी लागत नाही. डबा बराच बंद असतो आणि आतली आच कोरडी असते. नानकटाई, बिस्किटं, खारी, टोस्ट, जे जे कुरकुरीत आणि कोरडं हवं, त्याला हे झकास.

तोटा? डबा लहान. रॉड ट्रेपासून चार बोटांवर. त्यामुळे रॉडच्या बरोबर खालचा पट्टा जास्त लाल आणि मधला फिका, झेब्र्यासारखं. उपाय साधे आहेत: ट्रे मधल्या खाचेत ठेवा, अर्ध्या वेळेनंतर उलट फिरवा, आणि पंखा असेल तर तो लावून तापमान २० अंश कमी ठेवा. पंखा हवा खेळवतो, म्हणून त्याच आकड्याला पदार्थ लवकर भाजला जातो.

जाता जाता, साधा मायक्रोवेव्ह या चर्चेत नाही. तो अन्नातल्या पाण्याला तापवतो, वरून लाल करत नाही. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर त्यात वेगळा हीटर आणि पंखा असतो. त्याला पंख्याचा विजेचा ओव्हन समजा.

गॅसचा डबा आतून

अमेरिकेत भाड्याच्या घरात असतो तो गॅसचा ओव्हन घ्या. बर्नर कुठे असतो? तळाच्या पत्र्याखाली. ज्वाळा दिसत नाही. ती पत्रा तापवते, गरम वायू कडेच्या फटींतून वर चढतो, आणि मागच्या झरोक्यातून बाहेर पडतो. बेक करताना वरती काही पेटलेलं नसतं. आपल्याकडे शेगडीवर ठेवायचा गॅस तंदूर मिळतो, त्यातही हेच: आच फक्त खालून.

आता नानकटाईचा गुंता सुटतो. ओटीजीत वरचा रॉड तिला वरून रंग देत होता. गॅसच्या ओव्हनमध्ये तो रॉडच नाही! खालचा पत्रा मात्र भरपूर तापलाय. म्हणून बूड काळं, डोकं पांढरं. हात तोच, रेसिपी तीच, आचेची दिशा बदलली.

दुसरा मुद्दा वाफेचा, आणि इथे बारावीचं रसायनशास्त्र कामाला येतं. गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. आपल्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. हिशोब केला तर एक किलो गॅस जळून साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे समजा तासाभरात दीडशे ग्रॅम गॅस जळला, तर पेलाभर पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन फिरून गेलं. पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो, त्यात तर एका किलोमागे सव्वादोन किलो पाणी.

म्हणून लोक म्हणतात, "गॅसची आच ओली असते." बरोबर आहे. दमट हवेत पदार्थाचा पृष्ठभाग सावकाश वाळतो, आणि वाळल्याशिवाय तो लाल होत नाही. जोवर वर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या आसपास अडकतं. भाजल्याचा तो खमंग वास आणि तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात सुरू होतो. साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून होणारी ही मायार अभिक्रिया. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार याने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. आपली आजी तिला "खरपूस" म्हणायची.

पण थांबा, इथे एक गंमत आहे. गॅसचा ओव्हन वाफ तयार करतो, पण धरून ठेवत नाही. ज्वाळेला सतत ताजी हवा लागते आणि जळलेला वायू बाहेर जावा लागतो, म्हणून झरोका कायम उघडा. घरी ब्रेड करणारे पहिल्या दहा मिनिटांत ओव्हनमध्ये वाफ सोडतात, कवच लवकर कडक होऊ नये आणि ब्रेड नीट फुगावा म्हणून. विजेच्या डब्यात ती वाफ बऱ्यापैकी टिकते. गॅसच्या ओव्हनमध्ये झरोक्यातून पसार! त्यावर उपाय म्हणजे जाड झाकणाचं भांडं. आधी भांडंच ओव्हनमध्ये तापवा, त्यात ब्रेड ठेवा, झाकण लावा. ब्रेडची स्वतःची वाफ आतच राहते. अर्ध्या वेळेनंतर झाकण काढा. मग ओव्हन कुठलाही असो, फरक पडत नाही.

तर गॅसच्या ओव्हनमध्ये नानकटाई कशी करायची? ट्रे वरच्या तिसऱ्या भागात, तळापासून लांब. ट्रेखाली दुसरा रिकामा ट्रे, म्हणजे बुडाला ढाल मिळाली. वेळ दोन-तीन मिनिटं जास्त. आणि शेवटी रंग हवाच असेल तर ब्रॉइलर एक मिनिट. खरंच एक मिनिट. दारासमोर उभं राहून. मोबाइल खिशात.

छतातली आच: ब्रॉइलरचं गणित

ब्रॉइलर एवढा तडाखेबंद का? कारण तो किरणांवर चालतो. इंजिनिअरिंगला स्टीफन-बोल्ट्झमन आला होता, आठवतोय? तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता तिच्या केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. २०० अंशांची ओव्हनची भिंत आणि ७०० अंशांचा लाल रॉड, दोन्हींचा एकेक चौरस सेंटिमीटर घेतला तर रॉडमधून जवळजवळ अठरापट उष्णता येते. म्हणून भाजायला पंचवीस मिनिटं लागणारा पदार्थ ब्रॉइलरखाली तीन मिनिटांत काळा होतो.

विजेचा ब्रॉइलर: रॉड लाल व्हायला चार-पाच मिनिटं द्या. पण त्यात एक मेख आहे. थर्मोस्टॅटला वाटलं की डबा तापला, की तो रॉडच बंद करतो. तुम्ही पनीर टिक्का लावलाय १८० वर, रॉड विझलेला, आणि पनीर आपलं शांतपणे बेक होऊन रबर होतंय. म्हणून ब्रॉइल करताना नॉब सगळ्यात वरच्या आकड्यावर, २३० किंवा २५०, जो असेल तो. काही कंपन्या ब्रॉइल करताना दार किंचित उघडं ठेवायला सांगतात, ते यासाठीच: डबा थोडा थंड राहिला की रॉड पेटलेला राहतो. तुमच्या ओव्हनच्या पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच करा. काहींमध्ये त्याने नॉब आणि काच तापतात.

गॅसचा ब्रॉइलर: ज्वाळा लगेच पेटते, जोरही चांगला असतो. पण बऱ्याचदा तो छताच्या मधोमध एक नळी असतो, त्यामुळे मधला पट्टा जळजळीत आणि कडा थंड. पदार्थ मध्ये ठेवा आणि सरकवत राहा. अमेरिकेतल्या जुन्या घरांत तर ब्रॉइलर ओव्हनच्या खाली एका खणात असतो. तो भांडी ठेवायचा कप्पा नाही! तिथे प्लास्टिकचे डबे ठेवू नका, प्लीज.

दोन्हींसाठी नियम सारखेच. एक: पदार्थ कोरडा करा. टिक्क्याला साधं दही नाही, चक्का लावा. पाणी उडवण्यातच सगळी आच खर्च झाली तर रंग कधी येणार? दोन: ट्रेवर जाळी, जाळीवर पदार्थ, रॉडपासून तीन-चार बोटं अंतर. तीन: काचेचं भांडं ब्रॉइलरखाली नको, तडकू शकतं. चार: बटर पेपर तर अजिबात नको. तो ठरावीक तापमानापर्यंतच टिकतो, लाल रॉडखाली पेट घेतो.

आणि आता भरीत

जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. खानदेशात ती वांगी शेतातल्या काड्यांवर भाजतात. तिथे काय होतं? ज्वाळा थेट सालीला लागते, साल जळते, आणि त्या जळलेल्या सालीचा अन् काड्यांचा धूर आतल्या गरात मुरतो. चव त्या धुराची आहे.

घरच्या शेगडीवर काड्या नाहीत, पण ज्वाळा आहे. तिथे साल जळते, त्यामुळे अर्धी चव मिळते. लक्षात घ्या, ही चव गॅसची नाही. गॅस नीट जळत असेल तर त्याला स्वतःची चव नसते. चव जळलेल्या सालीची.

ओव्हनमध्ये १८० वर वांगं ठेवलं तर? ते शिजतं. स्वतःच्या वाफेत छान मऊ होतं. पण साल जळतच नाही, धूर होत नाही, आणि तुम्हाला मिळतं उकडलेलं वांगं. त्यात ओव्हनचा काही दोष नाही. आपण त्याला बेक करायला सांगितलं, त्याने बेक केलं.

मग ज्यांच्याकडे फक्त वीज आहे, इंडक्शनवर राहणारी हॉस्टेलची मुलं, किंवा परदेशात संपूर्ण विजेचं स्वयंपाकघर असलेली मंडळी, त्यांनी काय करायचं? वांग्याला तेलाचा हात लावा. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा. हे विसरू नका, नाहीतर आतल्या वाफेने वांगं फुटतं आणि मग ओव्हन घासत बसा. फक्त वरचा रॉड, सगळ्यात जास्त तापमान, वांगं रॉडच्या जवळ पण चिकटणार नाही इतकं. दर सात-आठ मिनिटांनी फिरवा. मध्यम वांग्याला अर्धा तास धरा. साल काळी आणि कडकडीत झाली पाहिजे, नुसती सुरकुतलेली नाही. मग गरम वांगं दहा मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे सालीचा वास गरात उतरतो. शेगडी आहे पण वांगं खूप मोठं आहे? आधी ज्वाळेवर चार-पाच मिनिटं सगळीकडून साल जाळा, मग ओव्हनमध्ये आतपर्यंत शिजू द्या. दोन यंत्रं, प्रत्येकाला त्याचं त्याचं काम.

पैसा, वायर आणि हवा

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, कारण तिथे कुणाचे तरी साठवलेले पैसे लागणार आहेत.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. एक किलो गॅसमध्ये साधारण १२.८ युनिट विजेएवढी उष्णता असते. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये झाली १८० युनिट. समजा सिलेंडर ९०० रुपयांना पडला, तर उष्णतेचं एक युनिट पाच रुपयांना. तुमच्या वीजबिलात वरच्या स्लॅबचा दर समजा १० रुपये आहे. म्हणजे गॅस निम्म्या भावात? कागदावर हो. पण गॅसच्या ओव्हनमधली बरीचशी उष्णता झरोक्यातून बाहेर जाते. १५०० वॉटचा ओटीजी प्रीहीट धरून तासभर चालला तर रॉड चालू-बंद होत एक युनिटच्या आतबाहेर घेतो. एका केकमागे फरक दोन-चार रुपयांचा. तुमचे खरे दर घालून बघा, पण ओव्हन निवडायचं कारण हे नाही.

खरी कारणं तीन.

पहिलं, वायरिंग. ओटीजी १२०० ते २००० वॉटचा असतो. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर. आपल्या भिंतीवरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे १३८० वॉटपर्यंत. मोठा ओव्हन कन्व्हर्टर पिन लावून तिथे घुसवला, किंवा फ्रिज असलेल्याच एक्स्टेंशन बोर्डवर लावला, तर वायर तापते. दिवसाला एक केक असेपर्यंत कळतही नाही. ऑर्डर वाढल्या, ओव्हन रोज चार तास चालू लागला, की सॉकेट पिवळं पडतं, वास येतो, आणि कधीतरी आग लागते. म्हणून ओव्हनच्या बजेटमध्येच १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च धरा. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकांशी बोला.

दुसरं, सिलेंडर. घरगुती सिलेंडर धंद्यासाठी वापरणं नियमात बसत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर असतो, त्याचा दर वेगळा. मग वरचा पाच रुपयांचा हिशोब कोसळतो. आणि घरात पाइप गॅस असेल तर सिलेंडरवर चालणारा ओव्हन त्याला तसाच जोडायचा नाही. दोन्ही वायूंचा दाब आणि बर्नरचं भोक वेगळं असतं. ते काम अधिकृत माणसाकडूनच.

तिसरं, हवा. आणि इथे मला अजिबात मस्करी करायची नाहीये. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. कारण असतं कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसच्या ओव्हनमध्येही तेच विज्ञान आहे. ज्वाळेला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. शिवाय नीट जळणाऱ्या ज्वाळेतूनही नायट्रोजन डायऑक्साइड येतो, जो दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रास देतो. शेगडी आपण दहा-वीस मिनिटं चालवतो, ओव्हन तासभर. म्हणून खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. ज्वाळा निळी हवी. सतत पिवळी दिसली तर बंद करून दाखवून घ्या. आणि परदेशातल्या मित्रांनो, थंडीत हीटर बिघडला म्हणून गॅसचा ओव्हन उघडून खोली तापवायची नाही. कधीच नाही.

विजेची मर्यादा मात्र एकच आणि मोठी: ती जाते. पुण्यात देखभालीचा गुरुवार आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गावाकडे तर विचारूच नका. केक अर्धा झाला आणि वीज गेली तर दार उघडू नका. डबा थोडा वेळ आच धरून ठेवतो, निम्म्याहून जास्त वेळ झाला असेल तर केक बऱ्याचदा वाचतो. सुरुवातीलाच गेली तर मात्र तो बसतोच.

भट्टीचं काय?

हा प्रश्न फक्त आपल्या ओट्यापुरता नाही. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर महापालिकेने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळायची मुदत दिली. कारण हवेचं प्रदूषण, आणि ते कारण खरं आहे. पण बेकरीवाल्यांची काळजीही खरी आहे. जुनी भट्टी म्हणजे विटांचं जाड घुमट. लाकूड जळून गेल्यावरसुद्धा त्या विटा तासन् तास चारी बाजूंनी आच देत राहतात. पत्र्याच्या ओव्हनमध्ये ती साठवण नसते. तिथे वेळ, वाफ, ट्रेची जागा सगळं नव्याने बसवावं लागतं, आणि त्याला पैसे लागतात. लाडीपावाची मऊ बाजू मात्र टिकेल, कारण ती इंधनाची नाही. पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात म्हणून बाजूला कवच धरत नाही. मला वाटतं, पाव टिकेल. पण छोट्या बेकऱ्या टिकायच्या असतील तर नुसती तारीख देऊन भागणार नाही, यंत्राच्या खर्चालाही हातभार लागेल.

तर तीन उत्तरं

घरून ऑर्डर घेणार आहात आणि शहरात वीज बऱ्यापैकी टिकते: ओटीजी घ्या. वर-खाली वेगळे रॉड चालणारा, पंखा असलेला, आणि तुमचा केक टिन आत ठेवून चारी बाजूंनी दोन बोटं जागा राहील एवढा. सोबत १६ अँपिअरचा पॉइंट. वीज रोज जाते अशा ठिकाणी असाल तर गॅसचा ओव्हन विचारात घ्या, पण व्यावसायिक सिलेंडर आणि उघडी खिडकी धरूनच हिशोब करा.

परदेशातल्या गॅसच्या ओव्हनवाल्यांनो: ट्रे वर, खाली ढाल, शेवटी एक मिनिट ब्रॉइलर.

आणि भरीतवाल्यांनो: साल जाळा. कशावरही जाळा, पण जाळा.

गृहपाठ देतो, अर्ध्या तासाचा आहे. ओव्हन १८० वर नीट तापवा. जाळीवर स्लाइस ब्रेड शेजारी-शेजारी मांडा, जाळी भरून. आठ-दहा मिनिटांनी बाहेर काढा, क्रम न बदलता. कुठला स्लाइस काळा, कुठला पांढरा? वरून जास्त लाल की खालून? हा झाला तुमच्या ओव्हनचा नकाशा. एक फोटो काढा आणि ओव्हनच्या शेजारी भिंतीवर चिकटवा. यापुढे रेसिपीतल्या १८० पेक्षा त्या फोटोवर जास्त विश्वास ठेवा. ब्रेड फेकू नका, कुस्करून कटलेटला लावा.

नकाशे पाठवा मला, पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. तोवर खिडकी उघडी ठेवा, आणि ब्रॉइलर लावून रील बघत बसू नका. भेटूया!